मामाची मच्छिंद्री

आमच्या मामाला कुठल्याही गावात नेऊन सोडा, नदी दिसली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी किती फूट?" पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस. तरुणपणी पुराच्या पाण्यात शिवाजी पुलावरून उड्या टाकणाऱ्या पोरांतला. तीस वर्षं एसटीची गाडी गगनबावड्याच्या घाटात चालवून निवृत्त झाला आणि निवृत्तीच्या जेवणात, तांबड्या रश्श्याची वाटी हातात धरून म्हणाला, "आता गंगा जिथनं निघती तिथं जाऊन बघायचं." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात. "तिकिटं काढलीस का?"

तर २०२५ च्या मे अखेरीस आम्ही चौघं निघालो: मामा, मी, नवरा आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली सई. तयारी म्हणून महिनाभर दर रविवारी जोतिबाचा डोंगर पायी चढलो. सामानात धपाटे, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाल्याचा एक किलोचा डबा. हा डबा पुढं बराच गाजला.

पहिले तीन दिवस: कोल्हापूर ते उत्तरकाशी

यात सांगण्यासारखं फारसं नाही. निजामुद्दीनची गाडी, तिथून रात्रीची बस, ऋषिकेशहून ठरवलेली जीप. कोल्हापुरात वळवानं मेमध्येच झोडपायला सुरुवात केली होती आणि दिल्लीत अंगाची लाही होत होती, एवढाच फरक. चंब्याच्या पुढं रस्ता अरुंद झाला तसा मामा ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. एका वळणावर समोरून ट्रक आला, आमच्या ड्रायव्हरनं गाडी डोंगराकडं घेऊन थांबवली आणि चढणाऱ्याला वाट दिली. मामा मागं वळून म्हणाला, "शिकलेला हाय गडी." त्या दोघांची भाषा एक नव्हती, पण तीन दिवस गप्पा थांबल्या नाहीत.

जाणाऱ्यांसाठी: चारधाम यात्रेची नोंदणी ऑनलाइन आधीच करा, वाटेत तपासतात. गोमुखाचा परवाना वेगळा. दिवसाला १५० जणांनाच सोडतात, त्यामुळं मे-जूनमध्ये जाणार असाल तर तारखा ठरल्या की आधी परवाना आणि मग बाकी सगळं. रोख पैसे उत्तरकाशीतच काढून घ्या.

चौथा दिवस: हर्षिल आणि धराली

उत्तरकाशी सोडली आणि भागीरथी रस्त्याच्या अगदी कडेला आली. गंगनानीला गरम पाण्याचं कुंड आहे, तिथं अर्धा तास पाय सोडून बसलो. वर चढत गेलो तसा वारा बदलला, देवदार सुरू झाले आणि हर्षिलला पोचेपर्यंत सगळ्यांनी स्वेटर चढवले होते. इथं सफरचंदं रुजवली ती फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजानं. एकोणिसाव्या शतकात तो इथं येऊन राहिला, देवदार तोडून ओंडके नदीतून खाली सोडून विकायचा आणि त्यात गबर झाला. त्याच्याबद्दल इथले लोक प्रेमानं बोलतात की रागानं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा दोन्ही.

मुक्काम धरालीत होता, हर्षिलच्या थोडं पुढं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलं, मागं सफरचंदाच्या बागा, वर बर्फ. बाजारात एका बाईंच्या छोट्या खानावळीत जेवलो. हर्षिलचा राजमा मी आधी फक्त ऐकला होता. आपल्याकडच्या राजम्यापेक्षा लहान दाणा, जिभेवर लोण्यासारखा विरघळणारा, फोडणीत फारसं काही नाही. मी दुसऱ्यांदा भात घेतला. मामानं एक घास खाल्ला, गप्प झाला आणि पिशवीतून डबा काढला.

"थोडा मसाला डालूं क्या? बुरा मत मानना," असं त्याचं हिंदी. बाई डब्यात डोकावल्या, नखाएवढा मसाला जिभेवर ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग आतून मोठी वाटी घेऊन आल्या. मामानं ती भरून दिली. बदल्यात त्यांनी मंडव्याची रोटी वाढली. मंडवा म्हणजे आपली नाचणी! हजार मैलांवर येऊन नाचणीची भाकरी आणि कांदा-लसूण मसाला, मामा स्वर्गात.

बाईंचं घर नदीपलीकडं, समोरच्या चढावर मुखबा गावात. हिवाळ्यात गंगोत्रीचं देऊळ बंद झालं की गंगेची मूर्ती मुखब्यात येते. सहा महिने देवी आमच्या शेजारी राहते, असं त्या सांगत होत्या, जशी माहेरी आलेली लेक. उन्हाळ्यात मात्र सगळं घर धरालीत, दुकानावर.

जेवण झाल्यावर मामा गावातून वाहणाऱ्या ओढ्यावर गेला. खीरगंगा. वरच्या बर्फातून येते आणि गावाच्या मधून जाऊन भागीरथीला मिळते. त्या दिवशी सईनं उडी मारून ओलांडावी एवढीच होती. मामानं काठावरच्या इमारती बघितल्या, ओढ्यातले धोंडे बघितले. एकेक धोंडा आमच्या न्हाणीघराएवढा. "एवढं पाणी एवढाले धोंडं आणत नसतंय," तो म्हणाला. "हे पात्रात बसल्यात." मी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर मामा हे वाक्य प्रत्येक गावात म्हणतो. कोल्हापुरात पूररेषेच्या आत उभं राहिलेलं प्रत्येक अपार्टमेंट दाखवून म्हणतो. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली तेव्हा त्याचं खरं ठरलं होतं, आणि तेव्हापासून तर तो जास्तच म्हणतो.

पाचवा दिवस: गरतांग गली, गंगोत्री आणि डुबकी

उंचीची सवय व्हावी म्हणून एक दिवस मोकळा ठेवला होता. हे सगळ्यांनी करावं. लंका पुलावरून जाडगंगेची घळ दिसते, इतकी खोल की तळाच्या पाण्याचा आवाज वर येत नाही. पुलापासून दोन-अडीच किलोमीटर चाललं की गरतांग गली: उभ्या कड्याला ठोकलेला लाकडी जिना, १३६ मीटर लांब. एकेकाळी तिबेटशी व्यापार करणारे लोक लोकर, मीठ घेऊन या फळ्यांवरून जायचे. १९६२ च्या युद्धानंतर तो बंद झाला, दुरुस्त करून २०२१ मध्ये पुन्हा उघडला. फळ्यांच्या फटीतून खाली बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिसऱ्याच पावलाला बघितलं. नवऱ्यानं सगळी वाट भिंतीला हात लावून काढली आणि आता तो 'देखावा छान होता' एवढंच सांगतो.

दुपारी गंगोत्री. तीन हजार मीटरच्या जरा वर असलेलं गाव. पांढऱ्या दगडाचं देऊळ गोरखा सेनापती अमरसिंह थापा यांनी बांधलेलं. मागं घाट, घाटावर लोखंडी साखळ्या. आणि मामा लंगोट लावून तयार.

"मामा, साखळी धर."

"मला पवायला शिकवतीस व्हय?"

पायऱ्या उतरला, "हर हर गंगे" म्हणाला आणि बुडी मारली. वर आला तेव्हा तोंड उघडं होतं पण आवाज नव्हता. श्वास आत ओढत होता, सोडत नव्हता. दोन-तीन सेकंदांची गोष्ट, पण पुरात पुलावरून उड्या मारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा घाबरणं बघितलं. शेजारच्या पुजाऱ्यानं दंड धरला आणि साखळी हातात दिली. बर्फाचं पाणी अंगावर आलं की छाती आपोआप धाप टाकते, ते आपल्या हातात नसतं. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही पाणी पितो. पंचगंगेत हे शिकायला मिळत नाही. संध्याकाळभर मामा चुलीशी बसून होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पाणी न्हवं ते. सुऱ्या हायत."

सहावा दिवस: भोजबासा

गंगोत्री ते गोमुख १८ किलोमीटर. चीडबासा नऊवर, भोजबासा चौदावर. पहाटे निघालो. वाटेतल्या चौकीवर परवाना बघतात आणि पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात: पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, सगळं. अनामत घेतात, परत येताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की पैसे परत. भडंगाच्या सहा पिशव्या निघाल्या तेव्हा तपासनीस आमच्याकडं जरा रोखून बघायला लागला. मामाचा मसाल्याचा डबा स्टीलचा, तो सुटला.

वाट सोपी आहे, रुंद आहे, चढही अंगावर येत नाही. चीडबासापर्यंत पाइनची सावली, चहाची टपरी. पुढं झाडं संपतात आणि दगड सुरू होतात. गिला पहाड नावाचा एक टप्पा आहे, तिथं वरून दगड निसटत असतात. सकाळी रात्रीच्या थंडीनं सगळं घट्ट असतं. ऊन वर आलं, वारा सुटला की गोटे सुटायला लागतात. आम्ही साडेदहाला तो ओलांडला, तरी मुठीएवढा एक दगड नवऱ्याच्या पुढ्यातून टप्पा घेत गेला. म्हणून पहाटे निघा. चहाच्या टपरीवर रेंगाळू नका. आम्ही रेंगाळलो होतो.

भोजबासा म्हणजे भोजवृक्षांची जागा, पण झाडं शोधावी लागतात. यात्रेकरूंच्या चुलींत बरीच गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिश्त यांनी १९९० च्या दशकात इथं पुन्हा भोजाची लागवड सुरू केली. सईनं एका रोपट्याजवळ बसून सुटून लोंबणारी साल नुसती बोटांनी उलगडून बघितली. वहीच्या पानासारखी, आत गुलाबी झाक, आडव्या बारीक रेघा. या सालीवर लोक पोथ्या लिहायचे हे तिला पुस्तकात होतं. "आई, रेघा आधीच मारल्यात की गं," ती म्हणाली.

मुक्काम आश्रमात. मोठ्या पेल्यात चहा, संध्याकाळी खिचडी आणि डाळ. मामानं डब्याचं झाकण उघडलं आणि सेवेकऱ्यानं विचारलं, "इसमें लहसुन है क्या?" मामानं झाकण परत लावलं. त्या रात्रीची त्याची खिचडी बघवत नव्हती.

पण दुपारची गोष्ट राहिली. आश्रमाजवळून बर्फाच्या पाण्याचा एक ओहोळ जातो. आम्ही पोचलो तेव्हा घोट्याएवढा होता. मामा तिथं उकिडवा बसला, एक चपटा दगड घेतला, पाण्यापासून वीतभर वर काठात रोवला आणि खडूसारख्या पांढऱ्या खड्यानं त्यावर मासा काढला.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या शिवाजी पुलाला दगडात कोरलेले मासे आहेत. पुराचं पाणी त्यांना टेकलं की गावभर होतं, "मच्छिंद्री झाली!" आता राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका असे आकडे मोबाइलवर येतात, पण पेठेतली म्हातारी माणसं अजून मच्छिंद्रीच विचारतात.

तीन वाजता मामानं हाक मारली. पाणी माशाच्या शेपटीला लागलं होतं. चारला मासा बुडाला. पाऊस नाही, ढग नाही, लख्ख ऊन. दिवसभराच्या उन्हानं वर बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचायला दुपार होते. नवरा हे शास्त्र समजावत होता, मामा ऐकत नव्हता. "आपल्याकडं राधानगरीचं दरवाजं उघडलं की एकदा पूर. हितं रोज दुपारी पूर, रोज रात्री उतार. गडी म्हणजे गडीच!" सात वाजता टॉर्च घेऊन पुन्हा बघून आला.

रात्री माझं डोकं ठणकायला लागलं. दिवसभर पाणी प्यायला विसरले होते, त्याची शिक्षा. इथली उंची ३,८०० मीटरच्या आसपास. तुम्ही कितीही जोतिबा चढा, ती कुणाला धरेल ते सांगता येत नाही. नवरा घोरत होता आणि मी भिंतीला टेकून घोट घोट गरम पाणी पीत बसले होते. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा तोल जायला लागला तर थांबायचं नाही, खाली उतरायचं. माझं पहाटेपर्यंत उतरलं. बाहेर आले तर बादलीवर बर्फाची साय होती आणि मामा ओहोळाशी. मासा कोरडा ठणठणीत, काठाला काचेसारखा बर्फ.

सातवा दिवस: गोमुख

शेवटचे चार किलोमीटर सगळ्यात हळू. समोर भागीरथीची शिखरं, पहिलं शिखर ६,८५६ मीटर. डाव्या उतारावर भरलांचा कळप, निळसर करड्या मेंढ्यांसारखी जनावरं, दगडातून दगडच चालत निघाल्यासारखी. पुढं एका वळणावर शिवलिंग शिखराचा शेंडा दिसला आणि चौघांचंही बोलणं थांबलं.

हिमनदी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पांढरंशुभ्र काहीतरी होतं. गोमुख तसं नाही. तीस किलोमीटर लांबीची ती हिमनदी पाठीवर डोंगरभर दगड-माती घेऊन आलेली आहे, खाणीतल्या ढिगाऱ्यासारखी. त्या ढिगाऱ्याखाली फक्त तोंडाशी बर्फ उघडा पडतो, करडा-निळा, भेगाळलेला, आणि त्या काळोख्या कपारीतून नदी बाहेर पडते. झुळझुळ नाही. पहिल्या पावलापासून दांडगी नदी. पाणी सिमेंट कालवल्यासारखं, कारण हिमनदी सरकताना खडक दळते आणि ते पीठ पाण्यात येतं.

तोंडाजवळ जायचं नाही, तसे फलक आहेत आणि कारणही आहे. २०१६ मध्ये या तोंडाचा मोठा भाग कोसळला होता. आम्ही लांबूनच बघत असताना घराएवढी एक दरड आवाज करत पाण्यात पडली. आधी दिसली, मग आवाज आला. १९३५ नंतरच्या साठेक वर्षांत हे तोंड एक किलोमीटरहून जास्त मागं सरकलं. म्हणजे मामाच्या आजोबांनी इथं येऊन बघितलं असतं तर आम्ही उभे होतो तिथं त्यांच्या डोक्यावर बर्फ असतं.

मामा अर्धा तास काही बोलला नाही. मग खिशातून बाटली काढली. गंगाजल असेल असं मला वाटलं. पंचगंगेचं पाणी होतं, घाटावरून भरून आणलेलं. खाली उतरून प्रवाहात ओतलं. "भेट घालून दिली," म्हणाला. बाटली परत खिशात, कारण चौकीवर मोजायची होती.

आठवा ते दहावा दिवस: देवप्रयाग, राफ्ट

उतरणं पटकन झालं. नवऱ्याचे गुडघे सोडले तर सांगण्यासारखं काही नाही. ऋषिकेशहून सकाळी देवप्रयागला गेलो. अलकनंदा आणि भागीरथी मिळतात आणि तिथून पुढं नाव गंगा. वर सिमेंटसारखी दिसलेली भागीरथी इथं हिरवीगार होती आणि अलकनंदा गढूळ. सईनं विचारलं, हीच का ती? हीच, पण मध्ये टिहरीचं धरण आहे, २६० मीटर उंचीचं. आणलेलं सगळं पीठ त्या तलावात खाली बसतं.

दुपारी शिवपुरी ते ऋषिकेश राफ्टिंग, १६ किलोमीटर. जाकीट, शिरस्त्राण, वल्हं. गंगोत्रीच्या डुबकीनंतर मामानं जाकिटाबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट माझा पट्टा ओढून बघितला. गाइड मागून ओरडतो, "फॉरवर्ड!" आणि सगळ्यांनी एकदम वल्हं मारायचं. आम्ही चौघं चार दिशांना मारत होतो. 'रोलर कोस्टर'ला पहिली लाट अंगावर आली तेव्हा राफ्ट उभी राहिली आणि मी नवऱ्याच्या मांडीवर. 'गोल्फ कोर्स'ला सई इतकी हसत होती की तिच्या नाकात पाणी गेलं.

शांत पाण्यात गाइड उतरू देतो, दोरी धरून. मामा उतरला, पाठीवर पडला आणि आकाशाकडं बघत वाहत राहिला. पोहला नाही. परत चढल्यावर त्यानं गाइडला विचारलं, जाकिटाशिवाय पट्टीचा पोहणारा निघेल का? गाइड म्हणाला, फेसाळ पाण्यात निम्मी हवा असते, अंग तरंगत नाही, हात मारून उपयोग नसतो. मामानं मान डोलावली. पुलाच्या खांबामागचा भोवरा असाच ओढतो, म्हणाला.

राफ्टिंग पावसाळ्यात बंद असतं. चश्म्याला दोरी बांधा. माझा गंगेत आहे.

नंतर

हे लिहायचं लांबत गेलं. ५ ऑगस्टला दुपारी सईनं मोबाइल माझ्यासमोर धरला. खीरगंगेतून दगड-चिखलाचा लोंढा आला होता आणि धरालीचा बाजार त्याच्याखाली गेला होता. सईनं उडी मारून ओलांडला असता तो ओढा. व्हिडिओ समोरच्या डोंगरावरून काढलेला होता, आणि त्यात लोक शिट्ट्या मारत होते, जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पळा म्हणून.

बाईंचा नंबर माझ्याकडं होता. आठ दिवस फोन लागत नव्हता. नवव्या दिवशी लागला. त्या दिवशी त्या मुखब्यात होत्या. "हम उधर से सीटी बजाते रहे, दीदी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दुकान नाही, बाग नाही, माणसांचं विचारायला मला जीभ उचलेना. मामानं फोन हातात घेतला. पाणी किती फूट, हे त्यानं विचारलं नाही. "मसाला भेजूं क्या?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन किलोचं पार्सल बांधलं. रस्ता बंद असल्यामुळं कुरिअरवाल्यानं पत्ता बघून परत दिलं. ते मामाच्या कपाटावर आहे, वर मुखब्याचा पत्ता लिहिलेला, आणि खोलीत शिरलं की वास येतो.